निम्मा आवाज

शिंप्याने मँडोलिन वाद्यदुरुस्तीच्या दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "आठही तारा चढवा."

दुरुस्तीवाल्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. या वाद्याला दोन-दोन तारांच्या चार जोड्या असतात. इथे मात्र प्रत्येक जोडीतली एकच तार होती. बाकीच्या चार त्यानेच दोन वर्षांपूर्वी उतरवल्या होत्या. शिंप्याची बायको तेव्हा अंथरुणाला खिळली होती. भांडं पडलं तरी तिच्या डोक्यात घण बसायचे. आवाज निम्मा करून द्या, असं शिंपी म्हणाला होता. असलं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून दुरुस्तीवाला पोट धरून हसला होता.

"म्हणजे वहिनींना उतार पडला," तो आता म्हणाला.

शिंप्याने औषधाचं एक पाकीट पुढे सरकवलं. आत त्याच चार तारा होत्या, गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या.

"या गंजल्या, मास्तर. आणि जुनी तार नवीशेजारी सूर धरत नाही. आठही नव्याच घालतो."

"घाला."

जुन्या तारा भंगाराच्या डब्यात गेल्या. हात चालू लागले तसं दुरुस्तीवाल्याचं तोंडही सुटलं. "दोन वर्षं चोरासारखं वाजवलंत, दार लोटून. आता दणकून वाजवा. वहिनींचे कान किटले तर म्हणावं, माझ्या नावाने बोटं मोडा."

"दार लोटलं की चिडायची," शिंपी म्हणाला. "उघडंच ठेवायला लावायची."

"बायकांचं असंच. त्रास होतो म्हणायचं आणि कान तिकडेच लावायचा."

शेवटची खुंटी पिळून त्याने सूर जुळवले आणि नखी पुढे केली. "हं. बघा."

शिंप्याने तारांवरून नखी फिरवली. आठ तारांचा आवाज वरच्या पत्र्याला जाऊन लागला. भिंतीवर टांगलेली गिटारही गुणगुणली. तोच शिंप्याचा तळवा झटकन तारांवर आला. मान वळवून त्याने दुकानाच्या मागच्या दाराकडे पाहिलं आणि श्वास रोखून कानोसा घेतला.

दुरुस्तीवाला हसला. "अहो मास्तर, इथे कोण झोपलंय?"

शिंप्याने तळवा उचलला नाही.

"घरीही कोणी नाही," तो म्हणाला.

दुरुस्तीवाल्याने वाकून भंगाराच्या डब्यातून त्या गुंडाळलेल्या चार तारा शोधून काढल्या, फडक्याने एकेक पुसली आणि औषधाच्या पाकिटात परत ठेवली.