सगळ्यांना एकच शेवट

तासगावच्या टॉकीजमधला जुना सर्व्हर सुनेत्रानं केलेल्या सिनेमाची डिस्क ओळखेचना.

"ताई, डिस्क नव्या फॉरमॅटची आहे," ऑपरेटर बाबालाल म्हणाला. "आमच्या ह्या म्हाताऱ्या सर्व्हरला जुनाच फॉरमॅट कळतो. अन् त्यात एकाच शेवटाचा सिनेमा बसतो."

सुनेत्रा घाबरली. हल्ली सिनेमा चष्म्यातून बघायचा आणि ज्याच्या त्याच्या मनासारखा तो संपायचा. पण तिच्या आईच्या, हौसाबाईच्या डोळ्यांना तो चष्मा सोसत नव्हता, म्हणून तर सुनेत्रा आपला सिनेमा पडद्यावर दाखवायला इथं आली होती. आता शेवट तिलाच निवडावा लागणार होता, आणि चुकला तर सगळ्या गावासमोर चुकणार होता.

"आई, कुठला ठेवू?"

"तुला पटंल तो ठेव की. लोकांच्या मनातलं लोक रोज बघत्यात."

तिनं एक शेवट ठेवला आणि जुन्या फॉरमॅटमध्ये डिस्क पुन्हा भरून दिली. सर्व्हरनं ती मुकाट्यानं घेतली.

सिनेमा संपला तेव्हा सगळीकडून एकदम टाळ्या उठल्या. हौसाबाई गोंधळून शेजारणीकडे वळली.

"शालन, तुलाबी ह्योच शेवट दिसला?"

"ह्योच की गं! समद्यांनाच." शालन डोळे पुसत होती.

"मग ह्यो खरा माझ्या लेकीचा सिनेमा," हौसाबाई म्हणाली आणि पदर सावरून ताठ बसली.