असा पत्ता नसते

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात दानियालनं लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम होता. नेटवर्कवरच्या मशीनचा पत्ता टाइप केला, की ते मशीन चालू आहे का, हे तो सांगायचा. पत्त्यातला एखादा आकडा दोनशे पंचावन्नच्या वर गेला, की स्क्रीनवर उमटायचं, "असा पत्ता नसते, भाऊ. नीट टाक."

"मले बी भाऊच कावून म्हणते रे हा?" मी एकदा भांडले.

दानियाल हसला. "त्याले काय समजते, प्रणाली, कोण टाइप करून राहिलं ते?"

पुढे तो आजारी पडून धामणगावला घरी गेला. फोनवर म्हणाला, "एकदा येऊन जाय." मी म्हटलं, "रविवारी नक्की." तो शुक्रवारीच गेला.

काल भर दुपारी माझ्या हातून शेवटचा आकडा चुकून तीनशे पडला.

प्रोग्रॅमनं हटकलं नाही. "थांब, पाहून राहिलो," असं उमटलं. ही ओळ मी कधीच पाहिली नव्हती.

मग, "हो, आहे."

मी कीबोर्डवरून हात उचलले. कर्सर लुकलुकत राहिला आणि एकेक अक्षर, कुणी सावकाश टाइप करावं तसं, उमटत गेलं.

"रविवार आला काय, प्रणाली?"