डांबराचा दोरा

दोरा काही आखडेना. पाण्यात ताणलेला डांबराचा दोरा संघप्रियानं तासाभरापूर्वी मधोमध कापला होता. चांगला माल असता तर रबरासारखा मागं सरला असता. हा मेल्या गांडुळासारखा जागच्या जागी पडून. तिनं पुन्हा करून बघितलं. तीच गत.

येडशीजवळच्या ज्या डांबर प्लँटच्या लॅबमध्ये ती माल तपासायची, तिथलं खडी-डांबर मिसळायचं मशीन दोन दिवस बंद होतं, डांबराच्या टाकीखालचा बर्नर मात्र चालूच राहिला. बर्नरवर होते तिचे वडील तात्याराव, तिचे आबा. तीस वर्षं साधं डांबर तापवलेला माणूस. तापमानाचा काटा कोण बघतंय? धुराच्या रंगावर सगळा हिशेब. हे नवं डांबर रबर मिसळलेलं; दाट दिसलं की आबा जाळ वाढवायचे.

"आबा, लई तापवलं की ह्यातलं रबर मरतं," तिनं दहादा सांगितलं होतं.

"डांबर कधी मरतंय व्हय गं?" म्हणून आबा हसायचे. घ्या आता!

"मॅडम, रिपोर्ट द्या की. टिप्पर खोळंबलेत," इंजिनिअर कुलदीप दारातून म्हणाला.

नापास लिहिलं तर पहिला प्रश्न एकच, बर्नरवर कोण होतं? आबांना आजच घरी बसवतील. पास लिहिलं तर तुळजापूरच्या रस्त्यावरचं ते वळण वर्षभरात भेगाळणार, उखडणार आणि कुणीतरी गाडीवरून पडणार. तरी तिनं मशीन बंद पडायच्या आधीचा, सोमवारचा चांगला आकडा उतरवला आणि सहीसाठी पेन टेकवलं.

आबा पाणी प्यायला आत आले. ट्रेमधला दोरा त्यांनी उचलला. ताणला, सोडला. तो तसाच लोंबत राहिला.

"ह्यो आजचा?"

आबांची नजर कागदावर गेली. अक्षर त्यांना येत नव्हतं. पण लेक मान वर करत नव्हती, तेवढं पुरलं.

हजेरीवर लावायचे तोच अंगठा, डांबरानं काळाकुट्ट झालेला, त्यांनी सहीच्या जागी दाबून धरला आणि दारातल्या कुलदीपकडं बघितलं.

"साहेब, टाकी म्या जाळलीय. गाड्या माघारी धाडा." मग लेकीकडं वळले. "ह्यो कागद झाला खराब. दुसरा घे, आन् खरं लिही."