पहिला खिळा

रामप्रसादनं खिळ्यांची पुडी बापाच्या बाजेवर ठेवली आणि म्हणाला, "बा, उद्या ठोकायचा. सकाळी बँकेत जातो, उरलेलं कर्ज एकदम भरून टाकतो. मग घर आपलं."

पेमानं पुडी उचलून कानाशी हलवली. आतले खिळे खुळखुळले तसा म्हातारा पोरासारखा हसला.

वसमतच्या या घरात राहायला येऊन बरीच वर्षं झाली, पण भिंतीला अजून एक खिळा नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, पिशव्या दाराच्या कडीला. पेमाचा हुकूमच होता तसा. सगळी उमर ऊसतोडीत गेलेला माणूस. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत आपण मुकादमाचे, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तसंच बँकेची उचल फिटेपर्यंत घर बँकेचं. "लोकाच्या भिंतीला भोक पाडायचं न्हाई," असं म्हणून तो हळूच वर बघायचा. बँकेचा साहेब छतावर कान लावून बसला असावा, असा त्याचा काहीतरी समज होता.

त्यामुळे त्याच्या बायकोचा, जिवनबाईचा फोटो अजून कपाटावर टेकून उभा होता. ती गेल्यावर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला एकटीला वेगळं काढून मोठा केलेला. फोटोत तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. फोटोवाला त्या लग्नात हात मोकळा सोडा म्हणाला होता, पण ऐकेल तर ती जिवनबाई कसली! सारा जन्म उसाच्या पाचटाच्या कोपीत काढला बिचारीनं, आणि कोपीला कुठली आलीय भिंत? तिला एकदा स्वतःच्या भिंतीवर बसवायचं, एवढी एकच इच्छा पेमाची उरली होती.

"उरलेलं सगळं भरणार? कशातून?" रुपानं दारातूनच विचारलं. सरकारी दवाखान्यातली ड्युटी संपवून सून नुकतीच घरात येत होती.

"तुझ्या ठेवीतून. कर्ज जेवढं उरलं तेवढीच तुझी ठेव झाली. बराबर जमतंय."

इतकी वर्षं दोघांचं छान चाललं होतं. हप्ता तर जायचाच, वर चार पैसे सुटले की तो मुद्दलात भरायचा, ती ठेवीत टाकायची. कुणी कुणाच्या कामात बोट घातलं नव्हतं.

"अन् परवा काही लागलं तर?"

"परवाचं परवा बघू. बाचं वय बघ."

रुपा आत जाऊन पाण्याचा पेला हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. पेमाला ते बाजेवरून दिसलं. त्याला ते बघायचं नव्हतं. त्यानं कूस बदलली.

शेजारच्या गच्चीवर हळद वाळत पडली होती. तिचा वास उन्हाबरोबर खिडकीतून आत येत होता, आणि पंखा तो घरभर हळूहळू फिरवत होता. पुडी छातीवर धरूनच म्हाताऱ्याचा डोळा लागला.

भिंती पातळ होत होत पाचटाच्या झाल्या. फटींतून पिवळं ऊन गळू लागलं. त्या उन्हातून जिवनबाई आली, पायातले वाळे वाजवत. पेमा तिला म्हणाला, "बघ, खिळे आणलेत." तिनं भिंतीकडं पाहिलंसुद्धा नाही. ती त्याच्या पायाशी बसली आणि ओढणीचं टोक चाचपू लागली. तिथं चार पैशांची एक गाठ असायची. उपास पडले तरी तिनं ती सोडली नव्हती. एकदाच सोडली, तान्हा रामप्रसाद तापानं फणफणला तेव्हा, आणि त्या पैशांवर पोरगं वाचलं. आता ती टोक उलटंसुलटं करून बघत होती. गाठ नव्हती. "कुठं गेली?" ती विचारत होती. रागानं नाही, जत्रेत चुकलेल्या लेकरासारखी.

पेमा दचकून उठला. भिंत विटांचीच होती. तिच्यावर ऊन आलं होतं.

"रामप्रसाद, हे बँकेचं व्याज आपण झोपलो की वाढतं का रे? मुकादमाचं वाढायचं तसं?"

"न्हाई बा. कितीदा सांगितलं, ठरलेलं व्याज हाय. फिटेस्तोवर तेवढंच राहतं."

"मग एवढी घाई काहून करून राहिला?"

"तुमच्यासाठीच तर!"

पेमाला स्वतःची लाज वाटली. आपल्या एका खिळ्यापायी सुनेची सगळी गाठ सुटणार होती, आणि आपण पुडी वाजवत बसलो होतो.

"चाललं तसंच चालू दे," तो म्हणाला. "थोडं थोडं फेड. रुपाच्या ठेवीला हात लावायचा न्हाई. अन् तुझ्या मायला तवर कपाटावर ताटकळत ठेवायचं न्हाई."

मग तो उठला. रुपाकडून खलातला बत्ता मागून घेतला, बाजेवर चढला आणि सवयीनं एकदा वर बघितलं. पहिला खिळा वाकला. दुसरा मात्र भिंतीत सरळ गेला. रुपानं फोटोवरची हळदीची धूळ पदरानं पुसली आणि फोटो त्याच्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते.

"बा," रामप्रसाद हळूच म्हणाला, "उचल अजून फिटली न्हाई."

पेमानं फोटो खिळ्यावर नीट सरळ केला.

"ठाऊक हाय. तिलाबी ठाऊक हाय. म्हणून तर मूठ सोडली न्हाई तिनं."