आईच्या हातचा रस्सा

आई गेल्यापासून रात्रीचा स्वयंपाक बाबांच्या गळ्यात पडला होता. तिच्यासारखा बटाट्याचा रस्सा जमावा म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं. पूर्वी ते बहुतेक बाहेरूनच जेवून येत, त्यामुळे चवीचा निवाडा मुलीकडे. ती रोज एक घास घेई आणि मान हलवी.

"आईसारखा नाही झाला."

आज ऑफिसच्या फोनवर बोलता बोलता रस्सा करपला. बाबा चरफडत पातेलं सिंकमध्ये ओतणार, तोच मुलीने चमचाभर चाखला आणि तिचे डोळे भरून आले.

"हीच चव, बाबा."

"वेडी का तू? करपलाय तो."

"नेहमीच करपायचा. तुम्ही येईपर्यंत आई गॅस बंद करायची नाही."