सिरीलची बारावी

मेव्हिसने केकवर नवऱ्याच्या डिप्लोमाचा फोटोच छापून आणला होता. सिरीलने सुरी हातात घेतली आणि स्वतःच्या नावावर चालवायचं सोडून कडेचं साखरेचं फूल कापलं. चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये जमलेले सगळे हसले.

अमेरिकेतल्या एका शाळेचा तो ऑनलाइन हायस्कूल डिप्लोमा. ऑन्टॅरिओच्या बारावीच्या तोडीचा आहे, असं रीतसर पत्रही आलं होतं. वसईत दोनदा दहावी नापास झालेला सिरील एकावन्नाव्या वर्षी कॅनडात, ब्रॅम्पटनच्या गोदामात सुपरवायझर होणार होता. उद्यापासून.

"शिकायला वय नसतं बघा," शेजारचा फ्रेडी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. सिरीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण पेपर त्याने दिलाच नव्हता. परीक्षा म्हटली की त्याच्या हातापायांना कापरं भरे. शेवटी लेक बियांका म्हणाली होती, "डॅड, यू जस्ट प्रॅक्टिस. पेपर मी लिहीन." हा गप्प बसला. असल्या वेळी गप्प बसणं म्हणजे होच.

प्रॅक्टिस मात्र त्याने जीव तोडून केली. एका रविवारी तर पोरीने त्याला बेसमेंटमध्ये लॅपटॉपपुढे तीन तास बसवलं, वॉशरूमलाही उठू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "डन. यू पास्ड."

तेव्हापासून चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी तो कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठत नव्हता; मनात पाप ठेवून तो घ्यायचा नसतो. मेव्हिसने विचारलं, तेव्हा त्याने गुडघ्याचं कारण सांगितलं.

सोमवारी शिफ्टच्या आधी तो मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. रवींद्र नागपूरचा, वयाने लहान.

"या सिरीलभाऊ. तुमचं सुपरवायझरचं जॅकेट आलं."

"राहू द्या, साहेब. तो डिप्लोमा माझा नाही. पेपर दुसऱ्याने लिहिला."

"कोणी?"

"ते विचारू नका."

रवींद्रने उठून दार लावलं. "भाऊ, मी काही ऐकलं नाही. लिहून दिलंत तर मला वर कळवावं लागेल. शाळेला पण. आहे ती नोकरीही जाईल तुमची."

"कागद द्या," सिरील म्हणाला.

त्याने तीन ओळी लिहिल्या, सही केली, गळ्यातला बॅज काढून टेबलावर ठेवला. बसमध्ये शेजारी ओळखीचं कोणी नव्हतं, तरी लाजेने त्याचे कान तापले होते. पण महिन्याभरात पहिल्यांदा छातीवरचं ओझं थोडं हललं होतं.

घरी बियांका एकटीच होती, दुधातलं सीरियल खात. त्याने तिला सगळं सांगितलं.

"सही करून दिलं, बाय. तुझं नाव मी घेतलं नाही. तू घाबरू नको."

बियांकाने चमचा खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले.

"डॅड, आय नेव्हर रोट इट," ती म्हणाली. "तो संडे, बेसमेंटमध्ये... दॅट वॉज द एक्झाम."