केस घ्यावी की बॅग?

या मंडळी, जरा पुढं सरकून बसा आणि वामनबुवांच्या भल्यामोठ्या मायेची गोष्ट ऐका.

बुवांच्या कीर्तनात केतकी बेस गिटार वाजवायची. नवी गिटार ठेवायला केस किंवा बॅग घ्यायला ती बुवांना घेऊन दुकानात गेली आणि तिथंच अडली. टणक, जड केस घ्यावी, तर डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या चढताना खांदा निखळायचा. मऊ बॅग हलकी. पण जीपमध्ये बुवा दिसेल त्यावर बसत. रामनवमीला ते पेटीवर बसले होते. ती पेटी पुन्हा सुरात आली नाही.

"बुवा, रागावू नका, मी केसच घेते."

"अगं पोरी, नारदांनी वीणा कधी पेटाऱ्यात कोंबली का? हलकी बॅगच घे. गिटारीला मी जपतो, देवाशपथ!"

केतकीने बॅग घेतली.

गोकुळाष्टमीला जीप घाटाला लागली, तशी बुवांनी गिटार मांडीवर घेतली. खड्डा आला की "गोविंदा, सांभाळ रे!" म्हणत तिला तान्ह्या बाळासारखं उराशी धरत. जीप थांबल्यावर केतकीने तारा छेडून पाहिल्या. सगळ्या सुरात! बुवांचे पाय मात्र असे बधिर झाले होते की जमिनीवर टेकवेनात, आणि वर तर लोक कीर्तनासाठी खोळंबलेले.

केतकी बॅग पाठीवर टाकून तुरुतुरु पायऱ्या चढली. मागून चार टाळकरी घामाघूम होत बुवांना एका खुर्चीत बसवून वर नेऊ लागले.

खुर्चीतून बुवा ओरडले, "बघ पोरी! म्हटलं नव्हतं, बॅगच हलकी?"

मंडळी, कधी कीर्तनात गिटारीचा खर्ज कानी पडला, तर त्या चार टाळकऱ्यांची आठवण काढा हो.